दिलेल्या लेकी

३० डिसेंबर २०२४, सोमवार. येळवस, रानातल्या पूजेची अमावस्या.

सोनूला लेक झाली! पहाटे, औरादच्या दवाखान्यात. मी पणजी झाले — पणजी! माझ्या लेकाची लेक सोनू, आन आता तिची लेक. केस केवढे, बाई! काळेभोर, पार कपाळावर आलेत. नर्सबाई म्हणली, "आज्जी, ही तर वेणी घालूनच आलीया." लई हसले मी. दात नसल्यालं तोंड उघडं टाकून हसले.

तिथून थेट शेतात. डाळी-भाज्यांची भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे कालच करून ठेवलं होतं, नुसतं पूजा आन जेवण. शेजारच्या रानातली मल्लव्वा आली. "काय झालं?" लेक म्हणलं. "असू दे, पुढच्या खेपंला हुईल." मला असा राग आला! "पुढच्या खेपंला काय हुईल? झालीय की ही!" म्हणलं. तिच्या ताटात भज्जी जरा कमीच वाढली.

मंगल शेतात आली न्हाई. माझी धाकटी, एकेचाळीस वर्साची. उदगीरकडं दिलीया. पण छातीतल्या कॅन्सरच्या गाठीचं ऑपरेशन झाल्यापासून हितं चिंताकीतच हाय आमच्यापाशी. सुयांनी केस गेलेत, लोकांत नको वाटतंय तिला. तिची लेक पिंकी कॉलेज सोडून तिच्यापाशी. दोघींचं मी डब्यात घेऊन आले. फोनमधी बाळाचा फोटो बघून मंगल म्हणली, "आये, हिचे केस मला दे की उसने." हसलो तिघी. मग मी उगं चुलीपाशी जाऊन बसले. धूर न्हवता, पण धूरच म्हणायचा.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

कलबुर्गीला जाऊन आलो. मंगल, मी आन आमचे हे. नाव लिहू का? हितं कोण ऐकतंय! श्रीमंतराव. लिहिलं. काय झालं न्हाई.

मोठा डॉक्टर बरा हाय. म्हणला, ऑपरेशन झकास झालंय, पण एवढ्या कमी वयात गाठ आली म्हणून रक्ताची एक तपासणी करा, जीनची. मग एका बारक्या खोलीत मंजुश्री म्हणून मॅडम हाय तिच्याकडं धाडलं. पोरगीच हाय, कन्नड आन मराठी मिसळून बोलते. तिनं बसवून नीट सांगितलं. काही काही घरांत रक्तातच एक दोष असतोय, पिढीतनं पिढीत येतोय. मंगलमधी तो असला तर दुसऱ्या बाजूला आन गर्भपिशवीच्या बाजूला बी जपावं लागतंय. आन एकदा मंगलचं कळलं की पिंकीचं सोपं. तिच्यात न्हाई निघालं तर जिवाला घोर न्हाई. निघालं तर आधीपास्नं दरसाली तपासायचं, गाठ गव्हाएवढी असतानाच धरायची. मला एवढं पटलं! म्हणलं, घे रगात, आत्ताच घे.

"फुकट होतंय, अज्जी," म्हणली, "पण ज्या घरात आणखी बायकांना झालंय त्यांचंच. तुमच्या घरात आणखी कुणाला होतं?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात हे! छाती काढून. "आमच्या घरात कुणालाच न्हाई. चार पिढ्या सांगतो. साफ घर हाय आमचं."

मॅडमनं लिहून घेतलं. लिहून झाल्यावर म्हणली, "मग फुकटात बसत नाही, अज्जी. पैसे भरून करावं लागतंय." किती ते सांगितलं. दोन म्हशी इकल्या तरी पुरायचं न्हाई.

सरकारी इलाजाचं कार्ड काढलं मंगलनं. कार्ड महाराष्ट्राचं, हितं कर्नाटक. हितं चालत न्हाई. तिकडं उदगीरकडं मागं विचारलं होतं तर म्हणले कागद सगळे कन्नडमधी हायत, तिकडंच बघा. आन चाललं असतं तरी ही तपासणी दोन्हीकडच्या कार्डात न्हाईच म्हणं! म्हणजे कापून घ्यायचं असंल तर कार्ड. कळून घ्यायचं असंल तर न्हाई. कुणाच्या डोक्यातनं निघालं हे? त्याला लेक न्हाई का?

येताना गाडीत हे भजी खात होते. खा म्हणले मला. म्हणलं, तुमच्या साफ घराला खाऊ घाला.

४ जानेवारी, शनिवार

ह्यांला चहा दिला न्हाई. मागितला बी न्हाई त्यांनी.

८ जानेवारी, बुधवार

आज तोंड उघडलं मी. बाळाला न्हाऊ घातलं, धुरी दिली, सोनूला शेक दिला, मग बाहेर आले. हे तुरीच्या शेंगा सोलत बसले होते.

म्हणलं, "सरुअक्काचं कामून न्हाई सांगितलं मॅडमला?"

सरुअक्का म्हणजे ह्यांची थोरली भन. कोहिनूर गावाला दिली होती. माझ्या लग्नाला दोन वर्सं झाली असतील, सणाला आली तर एका कुशीवर निजायची न्हाई. मी चोळी सोडून बघितलं. लिंबाएवढी गाठ, वरची कातडी संत्र्यावानी. कुणी म्हणलं दुधाची गाठ हाय. पाल्याचा लेप लावला. पुढच्या सणाला ती आली न्हाई, तिची खबर आली.

हे म्हणले, "ती कोहिनूरची."

"जल्मली कुठं?"

"जल्मली हितं. पण दिली म्हणल्यावर तिकडची झाली की. त्यांच्या घरातली गेली. आपल्यात कशी धरायची?"

"मंग मंगल बी उदगीरकडचीच की! तिच्यापायी कामून दवाखाने हिंडायलाव?"

टोपी घातली आन गेले. शेंगा तशाच पडल्या.

मी चौथी शिकलेली बाई. पण लिहायला बसलं की डोकं जरा चालतंय. मॅडमनं घराचं विचारलं, ह्यांनी घराचंच सांगितलं. खोटं न्हाई बोलले, तेच तर! कोहिनूरवाल्यांना विचारलं असतं तर ते म्हणले असते, सून होती, बाहेरनं आलेली. म्हणजे सरुअक्का कुणाच्याच घरात न्हाई. माझी आई पोट फुगून गेली, पाणी झालंय म्हणले, मी तवा परकरात होते. ती माझ्या माहेरची, म्हणून ती बी ह्यांच्या घरात न्हाई. मग मंगलच्या अंगात कुणाचं रगात हाय? भाड्यानं आणलंय का?

सगळ्या बाया एका घरातनं निघाल्या आन दुसऱ्या घरात पोचल्याच न्हाईत. मधीच मेल्या. कुणी लिहिलं न्हाई.

आता ह्यांच्या येण्याचा आवाज आलाय. ठेवते.

१० जानेवारी, शुक्रवार

बारसं. गर्दी, घुगऱ्या, पाळणा. चिमणी सगळ्यांच्या मांडीवर शांत, माझ्या मांडीवर मुतली. मान माझा!

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत.

धनराज आला, मंगलचा नवरा. तीळगूळ हातावर ठेवला तर गोड तोंड करायचं सोडून म्हणतो, "मामी, ते रक्ताचं डोक्यातनं काढा."

"कामून?"

"पिंकीला स्थळ बघायलाव. पोरगा पुण्याला हाय. असला कागद निघाला तर कोण करून घेणार? आन एकदा गावात झालं की झालं."

"कागद निघाला न्हाई तर रोग निघत न्हाई व्हय?"

आतनं पिंकी वरडली, "पप्पा, त्या पुण्यावाल्याला म्हणावं, तुमच्या आज्याला शुगर होती का, बापाचं टक्कल कधीपास्नं, सगळ्याचा कागद आणा! मग बघू!" मंगल एवढी हसली की तिला ठसका लागला. धनराज बी हसला, तोंड लपवून.

मग मात्र अंगणात माझ्यापाशी येऊन बसला. हळू बोलला. "मामी, मला भ्या वाटतंय. एकीचं बघितलं. दुसरीचं आधीच कळलं तर मी निजू कसा?"

वाईट वाटलं मला. बाईमाणसाला मारझोड करणारा न्हाई, दारू न्हाई, मंगलच्या सुयांना दर खेपंला आलाय. पण राग बी आला. भ्या वाटतंय म्हणून डोळे मिटायचे, आन मिटल्यालं कुणाच्या जिवावर? म्हणलं, "भ्या खुशाल. मला बी वाटतंय. पण आडवं येऊ नका."

तीळगूळ खाल्ला त्यानं शेवटी.

२१ जानेवारी, मंगळवार

आज मी, मंगल आन पिंकी, तिघीच गेलो. ह्यांला सांगितलं बाळाच्या टोपड्याला लोकर आणायला बिदरला जातो. तिथनं पुढं कलबुर्गी काय लांब हाय! (लई लांब हाय. कंबर गेली माझी.)

मॅडमच्या पुढ्यात बसले आन म्हणलं, "लिहून घे. माझी आई, पोट फुगून गेली. माझी नणंद सरुबाई, ह्यांची सख्खी भन, छातीला गाठ, कोवळ्या वयात गेली."

"अय्यो अज्जी! हे त्या दिवशी का नाही सांगितलं?"

"तू घराचं विचारलीस."

"मग?"

"आमच्यात दिलेली लेक घरात धरत न्हाईत. तुमच्यात धरतेत का?"

पेन तसंच हातात. "आमच्यातबी नाही, अज्जी," म्हणली. मग तिनं नवा कागद घेतला आन पहिल्यापास्नं विचारलं. कोण कुणाच्या पोटची, कुठं दिली, कशानं गेली. माझ्या आईकडच्या, ह्यांच्या आईकडच्या, सगळ्या. मेलेल्यांचे डॉक्टरचे कागद लागतील म्हणून मी भ्यायले होते. पण तोंडी चालतंय म्हणली. मला त्या पोरीच्या गालावरनं हात फिरवावा वाटला. फिरवला!

बसलं फुकटात. मंगलचं रगात घेतलं. एवढीशी नळी!

पण आमच्या मागं एक बाई होती, जेवर्गीकडची, माझ्या मंगलच्याच वयाची, डोक्याला रुमाल. एकटी आल्ती. मॅडमनं तेच विचारलं. तिची आई ती तान्ही असताना गेली, कशानं ते म्हाईत न्हाई. मावश्या कुठं दिल्या म्हाईत न्हाई. सांगायला कुणी उरलंच न्हाई. म्हणून तिचं फुकटात बसलं न्हाई! मॅडमला बी वाईट वाटलं, वर विचारते म्हणली. जिच्या घरात सांगणारं उरलंय तिची तपासणी, आन जिचं सगळं घरच गेलंय तिची न्हाई? हा कुठला न्याय? मी तिला आमच्यातल्या दोन पोळ्या दिल्या. पोळ्यानं काय हुतंय!

लोकर आणायची राहून गेली. ह्यांनी विचारलं न्हाई.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

निघालं. मंगलमधी दोष हाय.

मॅडमनं बोलावून सांगितलं, हात धरून. मंगल रडली न्हाई. "म्हणजे मी काय केलं म्हणून झालं न्हाई ना?" एवढंच विचारलं. वर्सभर ती हेच मोजत होती — कुठं चुकले, कुणाचं वाईट चिंतलं. मॅडम म्हणली, न्हाई, तुमचं काही चुकलं नाही. तवा मंगलनं पदर तोंडाला लावला.

आता दुसऱ्या बाजूचं आन पिशवीचं डॉक्टर ठरवणार हायत तिच्याशी बोलून. कळलंय म्हणून ठरवता येतंय. न्हाईतर सरुअक्कावानी मरतानाच कळलं असतं.

घरी मात्र सगळ्यांचं बोट माझ्याकडं! बाईचा रोग बाईकडनं, म्हणं. धनराज म्हणला, "मामी, तुमच्या आईकडनंच आलंय हे, मग." त्याची आई फोनवर म्हणली, पोरगी बघितली होती, तिची आजी बघायची राहिली. ऐका! आन माझी सून अंबिका, माझ्या तानाजीची बायको, सोनूची आई, बाळाच्या पाळण्यापाशी उभी राहून म्हणते, "बरं बाई, आमची सोनू सुटली. आम्ही पडलो लेकाकडचे." वाईट मनानं न्हाई बोलली ती. पण बोलली.

ह्यांच्या तोंडावर मात्र दिसत होतं — सांगितलं होतं, साफ घर!

माझ्याच पोटातनं गेलं लेकीला. दूध पाजवलं, त्यातनं गेलं का? कुणाला विचारू? भांडी आपटली आज सगळी. दोन पोचे आले.

१९ फेब्रुवारी, बुधवार

मॅडमचा फोन. आईबापाचं दोघांचं रगात द्या म्हणली, म्हणजे कुठल्या बाजूनं आलंय ते कळंल आन त्या बाजूच्या बायांना सांगता यील. बापाकडनं बी येतंय म्हणली, पुरुषाच्या अंगातनं. दुधातनं जात न्हाई, ते बी सांगितलं. विचारलं मी.

हे हसले. "माझं रगात कशाला? मी काय बाई हाय?"

म्हणलं, "भ्यालाव व्हय?"

"मी भिणार? घ्या म्हणावं, घ्या! साफ निघू दे, मग सगळ्यांम्होरं वाचून दाखवतो."

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

दिलं दोघांनी. ह्यांनी तर कापडी टोपी काढून कडक फेटा बांधला रगात द्यायला! मत टाकायला गेल्यावानी बाही वर केली. सुई बघितली आन डोळे गच्च मिटले. मंजुश्री मॅडमनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. लई दिवसांनी पोटातनं हसले.

येताना गाडीत त्यांनी खिडकीकडची जागा मला दिली. मी बसले. बोलले न्हाई.

२ मार्च, रविवार

धनराजचा फोन, पिंकीपायी. पुण्यावाल्याला त्यानं स्वतःच सांगून टाकलं! पोरीच्या आईला असं असं हाय, पोरीचं अजून तपासलं न्हाई. तिकडनं परत फोन न्हाई आला. मला वाटलं धनराज माझ्यावर भडकणार. तर म्हणतो, "बरं झालं मामी, असला भित्रा जावई मला नकोच." स्वतः केवढा वाघ!

पिंकीला विचारलं, तुझं कधी? म्हणली, "आज्जी, परीक्षा होऊ दे. मग मी माझ्या मनानं जाणार. कुणी ढकलायचं न्हाई आन कुणी धरायचं न्हाई." गप बसले मी. मला ढकलायचंच होतं. पण तिचं अंग हाय.

जेवर्गीकडच्या त्या बाईचं काय झालं म्हणून मॅडमला फोन करून विचारलं. वरून अजून उत्तर न्हाई. वर म्हणजे कुठं? नाव सांग, मी येते म्हणलं. मॅडम हसली. मी हसायला बोलले न्हवते.

९ मार्च, रविवार

गावात बोलायलेत. नळावर मी गेले की बाया गप. एकीनं विचारलंच, "राजूबाई, तुमच्या आईचं ते नातवाला बी होतंय व्हय?" म्हणलं, "जीभ लांब असल्याल्याला आधी होतंय."

रागाच्या भरात बोलले. पण हांडा हलका लागला येताना.

२४ मार्च, सोमवार

मॅडमचा फोन आला. पिंकीनं आवाज मोठा केला, ह्यांनीच करायला लावला, सगळ्यांना ऐकू दे म्हणून.

माझं रगात साफ. ह्यांच्यात हाय.

अंबिकानं पाळण्याची दोरी हातातनं सोडली. मॅडम सांगत होती, आता तानाजीचं घ्या, त्याच्यात निघालं तर मग सोनूचं. हे खाली बघत होते. "सरुअक्का," म्हणले. एवढंच. तिचं नाव मी त्यांच्या तोंडनं ऐकून चाळीस वर्सं झाली असतील.

मग स्वतःच उठले, सोनूच्या खोलीच्या दाराशी गेले, आत न जाता म्हणले, "सोनू, माझ्याकडनं आलंय. उद्या तुझ्या बापाला घेऊन मी जातोय."

वाटलं होतं, साफ निघाले तर नळावर जाऊन सगळ्यांम्होरं साखर वाटीन. डबा काढला बी. परत ठेवून दिला.

मी साफ निघाले. ह्याचं मी काय करू?